सातव्या मुलाखतीतील शांतता : ऑनलाइन गुणात्मक मुलाखतीचे एक प्रकरण

हे प्रकरण जून 2021 मधील एका मुलाखतीचे आहे. निपाणी आणि आसपासच्या गावांतील बिडी वळणाऱ्या वयस्क स्त्रियांच्या कामाच्या आठवणी नोंदवण्याचा एक लहान अभ्यास मी बेळगावातून करत होते. एकूण चौदा मुलाखती ठरल्या होत्या. त्यांतील सातवी माझ्या हातून कशी झाली आणि ती झाल्यावर काय काय निस्तरावे लागले, ते येथे तपशिलाने लिहीत आहे. संबंधित स्त्रीला तिच्या परवानगीने केवळ ‘मावशी’ म्हटले आहे. गाव, गल्ली आणि कारखाना यांची नावे गाळली आहेत आणि ओळख पटेल असे घरातील एक-दोन तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

निपाणी हे तंबाखूचे गाव. पुणे-बंगळूर महामार्गावर, कोल्हापूरपासून सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या या गावाचा बाजार, दवाखाना आणि सोयरीक कर्नाटकात जितकी आहे तितकीच सीमेपलीकडे महाराष्ट्रातही आहे. मार्च-एप्रिल 1981 मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठाण मांडले होते आणि 6 एप्रिल रोजी तेथे गोळीबार झाला होता. मी ज्या स्त्रियांशी बोलले त्यांच्यापैकी बहुतेकींना स्वतःचे जन्मसाल सांगता येत नव्हते, पण लग्न ‘आंदोलनाच्या आधी’ की ‘आंदोलनानंतर’ हे प्रत्येकीला नेमके सांगता येत होते. मावशींचे लग्न आंदोलनाच्या दुसऱ्या वर्षी झाले. म्हणजे मुलाखतीच्या वेळी त्या साठीच्या अलीकडे-पलीकडे असाव्यात.

बिडीचे काम बहुतांशी घरी चालते. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो, वळलेली बिडी मोजून परत द्यायची असते, मजुरी हजारावर ठरते आणि मुनीम ज्या बिड्या बाजूला काढतो त्या ‘छाट’ म्हणून मजुरीतून जातात. घरी बसून काम करणाऱ्या बाईलाही 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने कामगार मानले होते. मात्र कामगार असण्याचा पुरावा म्हणजे कार्ड, आणि कार्ड एकीच्या नावावर व बिड्या दुसरीच्या हातच्या, हा प्रकार माझ्या पहिल्या सहा मुलाखतींतच तीनदा आला होता. तंबाखू निपाणीचा असला तरी पान बाहेरून, मध्य भारतातल्या जंगलांतून येते. त्यामुळे वाहतूक थांबली की निपाणीच्या ओसरीवरचे सूप रिकामे होते.

मूळ आराखडा घरोघरी जाऊन बोलण्याचा होता. ओसरीवर बसायचे, काम चालू असतानाच बोलायचे, चहा घ्यायचा, पुन्हा यायचे. 10 मे 2021 पासून कर्नाटकात टाळेबंदी लागू झाली. बेळगावहून निपाणीला जाता येईना, आणि पलीकडच्या बाजूने कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे कोरोना चाचणीचा निगेटिव्ह अहवाल मागितला जात होता. अभ्यास पुढे ढकलावा की फोनवर करावा, असा पर्याय होता. मी दुसरा पर्याय निवडला. त्याचे कारण शास्त्रीय नव्हते. मुदत संपत आली होती.

फोनपर्यंत पोहोचणे

मावशींपर्यंत मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमार्फत पोहोचले. घरात इंटरनेट असलेला फोन एकच होता आणि तो मुलाचा होता. मुलगा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत, म्हणजे सीमेपलीकडे, कामाला होता. फोन सकाळी नातवाच्या ऑनलाइन शाळेसाठी घरी राहायचा आणि मुलगा दुसऱ्या पाळीला जाताना तो बरोबर घेऊन जायचा. त्यामुळे मला मिळणारी वेळ ही नातवाची शाळा सुटल्यावरची आणि मुलगा निघण्याआधीची, साडेअकरा ते एक अशी होती. ही वेळ मावशींना सोयीची आहे का, असे मी विचारले नाही. फोन मोकळा आहे का, एवढेच विचारले.

सुरुवातीला झूम किंवा गूगल मीट वापरावे असा माझा विचार होता, कारण तेथे ध्वनिमुद्रणाची सोय होते. पहिल्याच मुलाखतीत लिंक उघडण्यात वीस मिनिटे गेली आणि समोरच्या बाई इतक्या ओशाळल्या की तो नाद मी सोडला. त्यानंतर सर्व मुलाखती व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलवर घेतल्या. त्यात मुद्रणाची सोय नसल्याने फोन स्पीकरवर ठेवून शेजारी एक लहान रेकॉर्डर चालू ठेवत असे. व्हॉट्सअॅपचा कॉल वाटेत कोणाला ऐकता येत नाही, तो दोन्ही टोकांना कूटबद्ध असतो, हे मी संशोधन आराखड्यात गोपनीयतेच्या सदरात मोठ्या विश्वासाने लिहिले होते. वाटेतल्या माणसाची तेथे कोणाला भीती नव्हतीच. कोणी ऐकले तर अडचण व्हावी, अशी माणसे त्याच खोलीत बसलेली होती.

डेटाचा खर्च हा वेगळा प्रश्न होता. व्हिडिओवर तासभर बोलले तर नातवाच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्गाला डेटा उरायचा नाही. म्हणून मी मुलाखतीआधी त्या क्रमांकावर रिचार्ज केले. ही रक्कम मोबदला ठरते की खर्चाची भरपाई, यावर मार्गदर्शकांशी माझा थोडा वाद झाला. आजही माझे मत असे की ती भरपाईच होती, पण रिचार्ज मुलाच्या क्रमांकावर झाल्यामुळे त्याची जाणीव मुलाला झाली, मावशींना नाही. ज्या माणसाचा वेळ घेतला आणि ज्याच्या हाती पैसे पोहोचले, ते दोघे वेगळे होते.

संमती

संमतिपत्र मी प्रमाण मराठीत तयार केले होते. ते वाचून दाखवायचे, तोंडी होकार घ्यायचा आणि तो होकार मुद्रित करायचा, अशी पद्धत ठरली होती. ‘ऐच्छिक सहभाग’, ‘गोपनीयता’, ‘कोणत्याही टप्प्यावर माघार’ हे शब्द मी वाचत असताना मावशी मान हलवत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला : “हे समितीचं हाय का सरकारचं?”

सीमाभागाबाहेरच्या वाचकासाठी या प्रश्नाचा उलगडा करायला हवा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर या भागात रेशन कार्डापासून सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत सरकारी कागद कन्नडमध्ये येतो, आणि मराठीत कागद घेऊन कोणी दारात आले तर तो, सीमाभाग महाराष्ट्रात जावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा कार्यकर्ता असण्याची शक्यता लोक आधी धरतात. मराठीत लिहिलेले, तरीही सरकारी वाटावे असे भारदस्त काहीतरी वाचणारी बाई यांपैकी कोणत्याच खान्यात बसत नव्हती. मी ‘कॉलेजचं’ असे उत्तर दिले. त्या म्हणाल्या, “मग इचारा.” हा होकार मी नोंदवला.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती ही एकदा घेऊन फाइलला लावायची वस्तू नसून संशोधनभर चालणारी प्रक्रिया असल्याचे म्हटले आहे. मी ते वाचलेले होते, वर्गात शिकवलेही होते. प्रत्यक्षात मी कागद वाचला, होकार घेतला आणि सुटल्यासारखी प्रश्नांकडे वळले. मावशींनी होकार दिला तो मला, की फोन धरून बसलेल्या नातवासमोर नाही म्हणता येत नव्हते म्हणून, याचा विचार मी त्या क्षणी केला नाही.

मुलाखतीचा पहिला भाग

व्हिडिओ 41 मिनिटे चालला. नातवाने फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि तो खेळायला गेला. पडद्यावर मावशींचा चेहरा, मागे निळा रंग दिलेली भिंत आणि देवाच्या तसबिरीचा अर्धा भाग दिसत होता. प्रकाश चांगला होता, आवाज स्पष्ट होता. पार्श्वभूमीला सतत एक बारीक खसखस ऐकू येत होती. जूनचा महिना असल्याने पत्र्यावर पाऊस पडत असावा, असे मी धरून चालले.

उत्तरे आटोपशीर येत होती. माहेर कुठले, बिडी कोणाकडून शिकलात, दिवसाला किती होतात, मुनीम कसे वागतात. मावशी माझ्याशी जवळजवळ पुस्तकी मराठीत बोलत होत्या, मला ‘बाई’ म्हणत होत्या आणि स्वतःबद्दल विचारले तरी ‘आम्ही’ असे उत्तर देत होत्या. मजुरी ‘बरी मिळायची’. मुनीम ‘चांगले होते’. भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘फंडाचे’, पैसे आले ते ‘मुलीच्या लग्नाला उपयोगी पडले’. बऱ्याच प्रश्नांनंतर त्या थांबत. नजर खाली आणि डावीकडे जाई, काही सेकंद काहीच बोलणे नसे आणि मग उत्तर येई. प्रश्न पैशाचा असला की थांबणे जास्त लांबते, असे मला वाटले. मी वहीत ‘दीर्घ शांतता’, ‘नजर वळवली’, ‘खोलीत कोणी असावे’ अशा खुणा करत गेले.

गुणात्मक मुलाखतीत, म्हणजे आकड्यांऐवजी माणसाचा अनुभव त्याच्याच शब्दांत समजून घेणाऱ्या मुलाखतीत, शांततेला मोठे महत्त्व दिले जाते. ती भरून काढायची नाही, समोरच्याला वेळ द्यायचा, आणि उतारा करताना, म्हणजे ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः लिहून काढताना, ती शब्दाइतक्याच काळजीने नोंदवायची, असे आम्ही शिकतो आणि शिकवतो. त्यामुळे मी शांततेत थांबत होते आणि आपण हे चांगले करत आहोत, असे मला वाटत होते. मुलगा अजून घरी असावा आणि त्याच्यासमोर मावशी पैशाबद्दल बोलत नसाव्यात, असा निष्कर्ष मी मुलाखत चालू असतानाच काढला होता. तो इतका पटण्यासारखा होता की पडताळण्याचे माझ्या मनातही आले नाही.

मुलाखतीचा दुसरा भाग

41 व्या मिनिटाला चित्र गोठले आणि कॉल तुटला. दोनदा लावून पाहिला, लागला नाही. म्हणून मी साधा फोन केला. मावशींनीच उचलला आणि चालत चालत बोलू लागल्या. घरामागच्या परड्यातल्या कोंबड्यांचा आवाज आला.

“परड्यात आलीया मी. बोल आता.” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “ते बंद झालं न्हवं?”

मी म्हणाले, “होय मावशी, व्हिडिओ बंद झालाय.”

माझे वाक्य खरे होते. रेकॉर्डर मात्र चालू होता. त्यांनी ‘ते’ म्हणून काय विचारले हे मला कळले होते का? त्या क्षणी नीटसे कळले नव्हते, असे मी बराच काळ स्वतःला सांगत राहिले. मुद्रण पुन्हा ऐकताना माझे उत्तर यायला जो क्षणभर उशीर झाला आहे तो ऐकू येतो, आणि त्यावरून कळले होते असेच म्हणावे लागते. त्यांच्या लेखी चित्र गेले म्हणजे सगळेच बंद झाले. माझ्या टेबलावरचे यंत्र त्यांना कधी दिसलेलेच नव्हते. समोरासमोर बसलो असतो तर रेकॉर्डर दोघींच्या मध्ये सतरंजीवर राहिला असता, त्याचा लाल दिवा दोघींना दिसला असता आणि ‘हे जरा बंद कर’ म्हणताना त्यांनी बोटाने तो दाखवला असता. ऑनलाइन मुलाखतीत तो दिवा फक्त संशोधकाला दिसतो.

पुढची 22 मिनिटे ही वेगळीच मुलाखत होती. ‘बाई’ची ‘पोरी’ झाले. ‘आम्ही’चे ‘मी’ झाले. पहिली अकरा वर्षे त्यांनी सासूच्या कार्डावर बिड्या वळल्या होत्या, म्हणजे त्या वर्षांचा फंड सासूच्या नावाने जमा झाला. मुनीम छाट काढताना कोणाच्या सुपातली जास्त काढतो आणि कोणाच्या कमी, याचा गल्लीतल्या बायकांनी बांधलेला ठोकताळा त्यांनी सांगितला. छाटलेली बिडी फोडून टाकली जाते की गुपचूप विकली जाते, याबद्दल त्यांचे ठाम मत होते. आणि फंडाबद्दल त्या म्हणाल्या, “पोरीच्या लग्नाला गेला म्हनले न्हवं मी, तसं न्हाई ते.” तो पैसा प्रत्यक्षात कोठे गेला, हे त्यांनी चारेक मिनिटे सांगितले. ते येथे लिहिणार नाही. घरातल्याच एका माणसाशी त्याचा संबंध होता, एवढे पुरे.

कॉल संपल्यावर मला आनंद झाला होता, हेही नोंदवले पाहिजे. अशी सामग्री सहसा हाती लागत नाही. रात्री नोंदी लिहायला बसले तेव्हा त्या ‘होय मावशी’पाशी हात थांबला.

पेच

पर्याय तीन होते. दुसरा भाग पुसून टाकायचा, पहिल्या भागातील होकार सबंध संभाषणाला लागू होतो असे मानून तो वापरायचा, किंवा मावशींना विचारायचे. दुसरा पर्याय कागदावर टिकला असता. संमती मागे घेतलेली नव्हती, संभाषण त्याच मुलाखतीचे होते, आणि आचारसंहितेच्या नमुन्यात ‘कॉल तुटून पुन्हा लागल्यास’ असे कलम नव्हते. पण ज्या बाईने विचारून खात्री करून घेतली होती, तिच्या खात्रीवर कागदी होकाराने मात करणे मला जमेना.

पहिला पर्याय सर्वांत स्वच्छ दिसत होता. मार्गदर्शकांचा कल तिकडेच होता. माझा आक्षेप असा होता की कार्ड आणि छाट यांबद्दलचे बोलणे मावशींनी मन लावून, जणू कोणीतरी ते एकदा लिहून ठेवावे अशा भावनेने सांगितले होते. ते त्यांना न विचारता पुसणे म्हणजे त्यांच्या वतीने दुसऱ्यांदा परस्पर निर्णय घेणे झाले असते.

म्हणजे विचारणे भाग होते. पण विचारायचे कोणत्या वाटेने? फोन मुलाचा. त्यावर पाठवलेला संदेश नातू मोठ्याने वाचून दाखवणार. तो कन्नड माध्यमात शिकतो, देवनागरी अडखळत वाचतो, त्यामुळे अर्थ लावायला आईला बोलावणार. ‘त्या दिवशी परड्यात आपण जे बोललो’ एवढे शब्दही धोक्याचे होते. पुन्हा कॉल करून ‘मावशी, जरा परड्यात जाता का’ म्हणणे तर त्याहून वाईट. ज्या फोनमुळे हे संभाषण शक्य झाले, त्याच फोनवर त्याबद्दल एक अक्षर बोलता येत नव्हते.

मी थांबले. मुद्रण एका वेगळ्या पेनड्राइव्हमध्ये सांकेतिक क्रमांकाने ठेवले, संगणकावरची प्रत पुसली, आणि दुसऱ्या भागाचा उतारा करायचा नाही असे ठरवले. येथे आणखी एक चूक झाली. पहिल्या भागाची फाइल मी पुण्यातील एका परिचित तरुणाला उतरवून घ्यायला दिली, तेव्हा दुसऱ्या भागाची पहिली दोन मिनिटे तिच्यात राहून गेली. यांत्रिक पद्धतीने उतारा करून पाहिला होता, पण निपाणीच्या बोलीपुढे आणि फोनवर दबलेल्या आवाजापुढे ते तंत्र टिकले नाही, म्हणून माणूस शोधावा लागला होता. त्याने तेवढी दोन मिनिटे उतरवली आणि ‘फंड मोडला’ या ठिकाणी ‘भांडं मोडलं’ असे लिहिले. गोपनीयतेच्या दृष्टीने त्याची ही चूक माझ्या पथ्यावर पडली, हे कबूल करते, पण त्या बिचाऱ्याला मी कारण न सांगता ती दोन मिनिटे गाळायला सांगितली, तेव्हा त्याला आपले काम निकृष्ट ठरले असे वाटले.

सप्टेंबरमधील भेट

बस सुरू झाल्यावर सप्टेंबरमध्ये मी निपाणीला गेले. विद्यार्थिनीकडून मावशी बिड्या द्यायला कारखान्यावर कधी येतात ते काढले होते. त्या पाटी घेऊन बाहेर पडल्या तेव्हा मी ओळख सांगितली. फोटोत दिसणाऱ्या माणसापेक्षा मी बुटकी निघाले, हे त्यांचे पहिले वाक्य.

शेजारच्या वखारीच्या कट्ट्यावर बसून मी घडलेले सरळ सांगितले. यंत्र चालू होते, तुम्ही विचारले तेव्हा मी नीट उत्तर दिले नाही, परड्यातले सगळे बोलणे माझ्याकडे आहे, आणि म्हणाल तर आत्ता तुमच्यासमोर पुसते. त्या रागावल्या नाहीत, पण हसण्यावारीही नेले नाही. काही वेळ पाटीतल्या कापडाच्या घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “छाटीचं ठेव. ते समद्या गल्लीला ठावं हाय, त्यात काय लपवायचं? कार्डाचं बी ठेव, सासू आता न्हाई. फंडाचं तेवढं काढून टाक.”

माझा अंदाज नेमका उलटा होता. मुनीमाबद्दलचे बोलणे रोजीरोटीला धोक्याचे आणि म्हणून सर्वांत जपण्याचे, तर घरातले बोलणे त्या मानाने निरुपद्रवी, अशी वर्गवारी मी आराखड्यात केली होती. कामगार-मालक संबंधांवरच्या वाचनातून ती आली होती. मावशींच्या हिशेबात मुनीम बदलतो, कारखानाही बदलता येतो, घर बदलता येत नाही.

मग मी, थोडे धाडस करून, पहिल्या भागाबद्दल विचारले. त्या दिवशी मुलगा खोलीत होता का? पैशाचे विचारले की तुम्ही थांबत होता म्हणून मला तसे वाटले. मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या.

“त्यो कशाला असंल? नाक्यावर गर्दी म्हनून लवकर गेल्ता, फोन ठिवून. सून हुती चुलीपाशी. आन् थांबत हुते म्हंजे, मी बिड्या वळत हुते की. पान लई दिसांनी आल्यालं, भिजवून ठिवल्यालं. भिजवल्यालं पान थांबतंय व्हय? पंचवीस झाल्याबिगर बंडल बांधाय येत न्हाई. मोजताना बोललं की चुकतंय.”

पडद्यावर चेहरा होता. सूप, कात्री, पान आणि दोन्ही हात पडद्याच्या खाली होते. पत्र्यावरचा पाऊस म्हणून मी जे ऐकले, ती पानाची खसखस होती. तासाला शंभरेक बिड्या, म्हणजे चार बंडले, या हिशेबाने माझ्या 41 मिनिटांत त्यांनी अडीच-तीन बंडले उरकली होती. फोन मोकळा होता म्हणून मी ठरवलेल्या वेळी त्यांचे हात मोकळे नव्हते.

यावरून ‘शांतता म्हणजे नुसती मोजणी होती’ असा नवा निष्कर्षही काढता येत नाही. सून चुलीपाशी होतीच. परड्यात बोलणे का मोकळे झाले, याची किमान तीन कारणे संभवतात : ऐकणारे कोणी नव्हते, यंत्र बंद असल्याची समजूत होती आणि हात रिकामे होते. या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी, कॉल तुटल्यामुळे, घडल्या. त्यांतली कोणती किती कारणीभूत, हे मला सांगता येत नाही आणि मावशींनाही सांगता आले नाही. त्यांनी एक चौथे कारण सुचवले : व्हिडिओवर स्वतःचाच चेहरा कोपऱ्यात दिसत राहतो, आणि स्वतःकडे बघत माणूस खरे कसे बोलणार. हे कारण माझ्या वहीत नव्हते.

पुढील मुलाखतींत केलेले बदल

सातवी ते चौदावी यांमधल्या काळात, म्हणजे सप्टेंबरपूर्वीच, मी काही गोष्टी बदलल्या होत्या. भेटीनंतर उरलेल्या दोन मुलाखतींत आणखी काही बदलल्या. व्हिडिओ सोडून साध्या फोनवर आले. चेहरा दिसला नाही तर मुलाखत उथळ होईल, या माझ्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला, कारण साध्या फोनवर बायका हिंडत-फिरत, स्वतःच जागा निवडून बोलू लागल्या. मुद्रण चालू करताना आणि बंद करताना ‘आता मशीन चालू केलं’, ‘आता बंद केलं’ असे मोठ्याने म्हणू लागले, आणि कॉल तुटून पुन्हा लागला तर पहिले वाक्य तेच. होकार सुरुवातीला घेतला तरी शेवटी पुन्हा, ‘यातलं काय ठेवू, काय काढू’ असे विचारले. ‘गोपनीयता’ हा शब्द संमतिपत्रातून काढला आणि ‘तुमचं नाव कुठं येणार नाही, आणि जे काढ म्हणाल ते काढीन’ असे लिहिले.

‘आजूबाजूला कोणी आहे का’ हा प्रश्न मात्र थेट विचारता येत नाही, हेही लक्षात आले. कोणी असेल तर त्याच्यासमोरच तो प्रश्न विचारला जातो. त्याऐवजी ‘आत्ता काय काम चाललंय’ असे विचारले की हातात काय आहे, चुलीवर काय आहे आणि कोण कोठे बसले आहे, हे सगळे आपसूक येते. हा प्रश्न ओसरीवर बसलेल्या कोणाही पाहुण्याने सहज विचारला असता. ऑनलाइन मुलाखतींवरच्या ज्या तांत्रिक सूचना मी जमवल्या होत्या, त्यांत प्रकाश, पार्श्वभूमी आणि बॅटरी यांवर पुष्कळ होते, हे एवढे साधे नव्हते.

सामग्रीचे काय झाले

फंडाबद्दलचे बोलणे मी त्या दिवशी कट्ट्यावरच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून काढून टाकले. मावशींना पडद्यावरची पट्टी छोटी झालेली दाखवली. त्यांनी ती निरखून पाहिली, पण त्यांना त्यातून काय कळले असेल याची मला खात्री नाही. कार्ड आणि छाट यांबद्दलचा भाग त्यांच्या होकाराने अभ्यासात आला. फंड ‘मुलीच्या लग्नाला उपयोगी पडला’ हे पहिल्या भागातले वाक्य खरे नाही, हे मला माहीत होते आणि ते वापरायची परवानगीही होती. ते मी वापरले नाही, कारण ते खरे म्हणून छापणे चूक आणि खोटे म्हणून छापणे विश्वासघात. फंडाच्या विनियोगावरील तक्त्यात त्यामुळे सातवा रकाना रिकामा आहे आणि तेथे केवळ ‘नोंद नाही’ असे लिहिले आहे.

पहिल्या भागाचे मुद्रण मी पुन्हा ऐकले, या वेळी शब्दांऐवजी खसखस ऐकण्यासाठी. उताऱ्यात बावीस ठिकाणी ‘दीर्घ शांतता’ असे लिहिले होते. त्यांतील सतरा ठिकाणी खसखस चालूच आहे किंवा शेवटी दोरा ओढून बंडल टेकवल्याचा बारीक टप असा आवाज येतो. तेथे मी ‘काम चालू’ अशी दुरुस्ती केली. उरलेल्या पाच ठिकाणी आवाज खरोखर थांबतो. त्यांतील तीन जागा सासूबद्दलच्या प्रश्नांनंतरच्या आहेत, पैशाबद्दलच्या नव्हेत.

मग ओघाने पहिल्या सहा मुलाखतींचा प्रश्न आला. त्यांच्या उताऱ्यांतही मी तशाच खुणा केल्या होत्या आणि त्यांवरून बरेच काही लिहून ठेवले होते. चार मुद्रणे पुन्हा तपासता आली. उरलेली दोन, उतारा झाल्यावर पुसायची असे सहभागी स्त्रियांना दिलेल्या शब्दाप्रमाणे, आधीच पुसली होती. त्या दोन उताऱ्यांतील शांततेच्या सर्व नोंदी मी विश्लेषणातून काढून टाकल्या.